डावा हात आधी खाली

उडत्या हेलिकॉप्टरचं इंजिन बंद पडलं की पायलटचा डावा हात ताबडतोब खाली गेला पाहिजे. त्या हातात कलेक्टिव्ह असतो, म्हणजे हेलिकॉप्टर वर-खाली नेणारा लिव्हर. कलेक्टिव्ह पूर्ण खाली, पायाखालचं उजवं पेडल पुढे, सायक्लिक (उजव्या हातातली, दिशा देणारी काठी) किंचित मागे. एवढं झालं की मग काय बिघडलं, कुठे उतरायचं, रेडिओवर काय सांगायचं याचा विचार करायचा. रॉबिन्सन आर-२२ या दोन आसनी हेलिकॉप्टरवर जगभरातले असंख्य पायलट शिकले आहेत. त्यात ही पहिली हालचाल करायला सेकंद-दीड सेकंद मिळतो.

बायकोच्या हाती हेलिकॉप्टरचं लायसन्स आलं की नवऱ्याचा ऊर भरून येतो, आणि यायलाच हवा. भेटेल त्याला सांगावंसं वाटतं. ऐकणाऱ्याचे प्रश्नही ठरलेले: किती उंच जाते, भीती नाही का वाटत, आम्हाला कधी नेणार. उत्तरं दिली जातात, कौतुक होतं, पण अभिमान ज्या गोष्टीचा वाटायला हवा तिच्यापर्यंत बोलणं पोहोचतच नाही. माझ्या लेखी ती गोष्ट म्हणजे तो डावा हात. घाबरलेला माणूस हाताशी असेल ते घट्ट धरतो आणि वर ओढतो. तिचा हात खाली जातो. तो तसा जावा म्हणून तिनं जन्मजात खोड मोडून तिच्या जागी दुसरी बसवलेली असते. लायसन्सवर याची नोंद नसते, पण ज्याला शेजारच्या सीटवर बसायचं आहे त्यानं तरी हे समजून घ्यावं.

हात खालीच का, याचं कारण रोटरमध्ये, म्हणजे वरच्या फिरत्या पंख्यात आहे. आर-२२चा रोटर मिनिटाला साधारण ५३० फेऱ्या मारतो. पात्याचं टोक ताशी साडेसातशे किलोमीटरहून जास्त वेगानं हवा कापत असतं. कलेक्टिव्ह वर घेतला की दोन्ही पात्यांचा हवेशी असलेला कोन एकदम वाढतो. कोन वाढला की उचल वाढते, तसा हवेचा विरोधही वाढतो. हा विरोध इंजिनाच्या जोरावर मोडला जातो. इंजिन गेलं आणि कोन तसाच राहिला, तर रोटर झपाट्यानं मंदावतो. मोठ्या हेलिकॉप्टरच्या जड पात्यांमध्ये साठलेली गती थोडा वेळ तारून नेते. आर-२२चा रोटर मात्र हलक्या भोवऱ्यासारखा. जोर गेला की तग धरत नाही. फेऱ्या दाखवणाऱ्या टॅकोमीटरवर त्याचा नेहमीचा आकडा १०४ टक्के. ९७ टक्क्यांवर हॉर्न वाजायला लागतो. आणि उत्पादकाच्या पुस्तिकेत एक रेषा आखून दिली आहे: ८० टक्के, अधिक दर हजार फूट उंचीमागे १ टक्का. म्हणजे ४,००० फुटांवर ८४ टक्के. रोटर त्याखाली गेला तर पाती हवेतच स्टॉल होऊ शकतात, म्हणजे उचल देईनाशी होतात. त्यानंतर हात कुठेही नेला तरी उपयोग नसतो.

हात वेळेवर खाली गेला, तर मात्र चित्र पार पालटतं. कोन कमी झालेला असतो, हेलिकॉप्टर उतरू लागलेलं असतं, आणि आता खालून वर येणारी हवाच रोटर फिरवत ठेवते. हे ऑटोरोटेशन. बिनइंजिनाचं हेलिकॉप्टर दगडासारखं पडतं ही समजूत चुकीची आहे. ते उतरतं, पायलटच्या ताब्यात उतरतं. मात्र पटकन उतरतं. मिनिटाला दीड हजार फुटांहून जास्त दरानं, म्हणजे ५०० फुटांवर असाल तर जमिनीला टेकेपर्यंत वीस सेकंदही मिळत नाहीत. तेवढ्यात ६५ नॉटचा (ताशी सुमारे १२० किलोमीटरचा) वेग धरायचा, रोटरचा काटा हिरव्या पट्ट्यात ठेवायचा, वाऱ्याकडे तोंड करायचं, मोकळी जागा निवडायची. साधारण ४० फुटांवर सायक्लिक मागे घेऊन नाक उचलायचं, म्हणजे पुढचा वेग मरतो आणि रोटरला थोडी जास्तीची गती मिळते. आठ फुटांच्या आसपास हेलिकॉप्टर समतल करायचं आणि टेकण्याआधी कलेक्टिव्ह वर घ्यायचा. रोटरमध्ये जमवलेली गती इथे खर्च होते, आणि ती एकदाच खर्चता येते. घाईनं वर घेतला तर पंधरा फुटांवरच सगळं संपतं आणि उरलेलं अंतर आदळत पार होतं. उशीर झाला तर वापरायच्या आत जमीन येते.

प्रशिक्षणात इन्स्ट्रक्टर बोलता बोलता थ्रॉटल (इंजिनचा जोर कमी-जास्त करणारी मूठ) बंद करतो आणि हाताकडे बघतो. शेवटी इंजिनची ताकद परत जोडून, जमिनीपासून थोडं वर थांबून सराव पुरा करतात, कारण प्रत्येक वेळी खरोखर टेकवलं तर यंत्राची वाट लागेल. सुरुवातीच्या चुका बहुतेकांच्या सारख्याच असतात. नजर एका काट्यावर खिळते आणि दुसरा हातचा जातो. निवडलेल्या जागेचा हट्ट धरला जातो आणि ती गाठण्यासाठी वेग मारला जातो. नाक फार उंचावर उचललं जातं. दिवसाला पाच-सहा ऑटोरोटेशन झाली की माणूस घामानं चिंब होतो, मग हवा थंड का असेना.

पण एवढं सगळं यायच्या आधी हॉव्हर असतो, आणि घरच्यांच्या सहनशक्तीची परीक्षा तिथे होते. आज काय केलं? हॉव्हर. परवा? हॉव्हर. पुढच्या आठवड्यात? पुन्हा तेच. जमिनीपासून तीन-चार फुटांवर एका जागी स्थिर उभं राहणं, एवढंच. फोटोत त्यात काही दिसत नाही. प्रत्यक्षात सगळ्या शिक्षणातला सगळ्यात नाउमेद करणारा भाग हाच, आणि तो का अवघड आहे हे कळलं की त्या रटाळ उत्तरांची किंमत कळते.

हेलिकॉप्टरमध्ये कुठलीही एक गोष्ट एकटी हलत नाही. कलेक्टिव्ह थोडा वर घेतला की रोटरला जास्त ताकद लागते, त्याची प्रतिक्रिया म्हणून नाक उजवीकडे वळतं. ते थांबवायला डावं पेडल. डावं पेडल दाबलं की टेल रोटरचा (शेपटीवरच्या छोट्या पंख्याचा) जोर वाढतो आणि तो अख्खं हेलिकॉप्टर उजवीकडे ढकलतो. ते थांबवायला सायक्लिक डावीकडे. सायक्लिक कलला की उचलीतला थोडा भाग बाजूला जातो, उंची घटते, म्हणून पुन्हा कलेक्टिव्ह. हे वर्तुळ दर सेकंदाला फिरत राहतं. (ज्या हेलिकॉप्टरचा रोटर वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरतो, त्यात हे सगळं डावं-उजवं बदलतं.) त्यातून सायक्लिकला मिळणारा प्रतिसाद किंचित उशिरा येतो. शिकणाऱ्याला वाटतं काही झालंच नाही, म्हणून तो आणखी ढकलतो. मग दोन्ही एकदम अंगावर येतात. तो उलटा ढकलतो. काही सेकंदांत झोके एवढे मोठे होतात, की इन्स्ट्रक्टरला ताबा घ्यावा लागतो.

यावर उपाय सांगायला सोपा आहे: उजवा हात मांडीवर टेकवायचा, सायक्लिक मुठीत न आवळता दोन-तीन बोटांत धरायचा, आणि नजर समोरच्या जमिनीवर न ठेवता दूर क्षितिजाकडे. जवळचं पाहिलं की प्रत्येक इंचाच्या हालचालीवर हात धावतो. दूरचं पाहिलं की हेलिकॉप्टर झुकायला लागल्याबरोबर कळतं, आणि तेवढ्यात फक्त दाब पुरतो, हालचाल दिसतसुद्धा नाही. बऱ्याच जणांना हे पाच ते दहा तासांच्या उड्डाणात जमू लागतं. काहींना जास्त लागतात. ज्याला उशिरा जमलं तो वाईट पायलट होतो असं मुळीच नाही, हे त्या दिवसांत घरातून कुणीतरी सांगावं.

तासांचा हिशेब देशागणिक वेगळा आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या मानकांनुसार खासगी हेलिकॉप्टर लायसन्सला किमान ४० तास लागतात, मान्यताप्राप्त अभ्यासक्रमातून शिकल्यास ३५. अमेरिकेत किमान ४०, त्यातले २० इन्स्ट्रक्टरबरोबर आणि १० एकटीनं. युरोपात ४५: २५ इन्स्ट्रक्टरबरोबर, १० एकटीनं. ही किमान संख्या आहे. प्रत्यक्षात साठ-सत्तर तास झाले तरी त्यात काही कमीपणा नाही. शिकवणीत खंड पडला की मागचे दोन तास पुन्हा गिरवावे लागतात, आणि हेलिकॉप्टरचा एक तास साध्या विमानाच्या तासापेक्षा पुष्कळ महाग असतो. म्हणून कुटुंबानं ठरवायचंच असेल तर हे ठरवावं, की अर्धा पैसा हाती असताना सुरू करून मध्ये थांबण्यापेक्षा पूर्ण तरतूद होईपर्यंत वाट बघायची आणि मग आठवड्यातून दोन-तीनदा सलग उडायचं. शिवाय हवामान, नौकानयनाइतकंच जुनं असलेलं दिशाशास्त्र, उड्डाणाचे नियम, वजनाचा तोल, रेडिओवरची भाषा, मानवी मर्यादा असे लेखी विषय असतात. युरोपात ते नऊ आहेत. या विषयांत घरातल्या माणसाचा उपयोग होतो. पुस्तक उघडून प्रश्न विचारायला हेलिकॉप्टर यावं लागत नाही.

पहिल्या एकट्या उड्डाणाचं कौतुक सगळेच करतात, पण त्या दिवशी हेलिकॉप्टरच बदललेलं असतं हे थोड्यांना ठाऊक असतं. आर-२२चं जास्तीत जास्त वजन साधारण ६२० किलो. त्यातून इन्स्ट्रक्टर उतरला की सत्तर-ऐंशी किलो एकदम कमी होतं, तेही डाव्या बाजूचं आणि पुढचं. पायलट उजवीकडे बसते. म्हणजे गुरुत्वमध्य उजवीकडे आणि मागे सरकतो. कालपर्यंत जेवढा कलेक्टिव्ह उचलल्यावर जमीन सुटायची, त्याच्या आधीच आज ती सुटते. नाक जास्त वर राहतं. दोघं असताना डावी स्किड (चाकांऐवजी असलेली टेकायची दांडी) खाली लोंबायची, आता तोल निराळा. सायक्लिक कालच्या जागी धरून चालत नाही. हे इन्स्ट्रक्टरनं तोंडी सांगितलेलं असतं, पण हाताला ते पहिल्यांदा एकटेपणीच कळतं. अमेरिकेत १९९५मध्ये आलेल्या विशेष नियमानं आर-२२मध्ये नवशिक्याला एकटं सोडण्याआधी त्याच यंत्रावर इन्स्ट्रक्टरबरोबरचे किमान २० तास सक्तीचे केले. आणखी एक बारकावा: पूर्ण इंधन असताना एकट्या पायलटचं वजन सामानासकट किमान ५९ किलो हवं, नाहीतर वजन-तोलाचा हिशेब करून दाखवावा लागतो. बारीक चणीच्या बाईला त्यासाठी मोजून बांधलेलं जास्तीचं वजन सोबत न्यावं लागू शकतं. त्यात कमीपणा कसला? तो हिशेब ती स्वतः करते, हे महत्त्वाचं.

डाव्या हातासारख्याच आणखी तीन जागा आहेत जिथे शरीर एक सांगतं आणि करायचं दुसरंच असतं.

पहिली सगळ्यात भयंकर. आर-२२ आणि त्याच कंपनीचं मोठं आर-४४ यांचा रोटर दोन पात्यांचा आणि मधल्या बिजागरीवर डोलणारा आहे. एरवी हेलिकॉप्टरचं धड त्या रोटरला टांगलेलं असतं, म्हणून रोटर कललं की धड मागोमाग जातं. पण टेकडी ओलांडून झाल्यावर किंवा एखादा पक्षी चुकवताना सायक्लिक झटक्यानं पुढे ढकलला, तर क्षणभर धडाचं वजन नाहीसं होतं. रोटरवर भार उरत नाही. टेल रोटर मात्र तितक्याच जोरानं ढकलत असतो, आणि तो गुरुत्वमध्यापेक्षा वर असल्यामुळे धड उजवीकडे लोळू लागतं. कुणीही काय करील? सायक्लिक डावीकडे नेईल. रोटर डावीकडे कलेल, पण भार नसल्यामुळे धड काही त्याच्यामागे जाणार नाही. रोटरचा मधला भाग तो ज्यावर फिरतो त्या दांड्यावर आपटतो. यालाच मास्ट बंपिंग म्हणतात, आणि त्यात दांडा तुटू शकतो. बरोबर क्रिया म्हणजे आधी सायक्लिक हळूच मागे, रोटरवर पुन्हा भार येऊ द्यायचा, आणि मगच लोळणं सावरायचं. याचं प्रात्यक्षिक हवेत दाखवायला बंदी आहे, ती रास्तच आहे. म्हणजे हा धडा कागदावर, चर्चेत आणि सवयीत शिकावा लागतो: सायक्लिकला कधीच झटका द्यायचा नाही, हवा उसळती असेल तर वेग ६०-७० नॉटवर आणायचा. तो १९९५चा नियम आला त्याच्या मुळाशी अशाच तऱ्हेचे अपघात होते.

दुसरी जागा उतरताना येते. पुढचा वेग ३० नॉटच्या खाली, उतरण्याचा दर मिनिटाला ३०० फुटांच्या वर, आणि इंजिनची ताकद लावलेली. हे तिन्ही जुळले की हेलिकॉप्टर स्वतःच खाली ढकललेल्या हवेत बुडू लागतं. हात म्हणतो, कलेक्टिव्ह वर घे. एकटा कलेक्टिव्ह वर घेतला की ते आणखी जोरात बुडतं. जुनी पद्धत म्हणजे नाक पुढे करून वेग घ्यायचा आणि कलेक्टिव्ह कमी करायचा. अलीकडे क्लोद व्हुइशार या स्विस पायलटची पद्धतही शिकवतात: ताकद वाढवून, पेडलनं नाक सरळ धरून, सायक्लिकनं बाजूला सरकत त्या हवेतून बाहेर पडायचं. यात उंची कमी जाते. तिसरी जागा जमिनीवरचीच. एक स्किड चिखलात किंवा गवतात अडकलेली असताना उचलायला गेलं की हेलिकॉप्टर त्या स्किडभोवती कलंडू लागतं, आणि ठराविक कलानंतर सायक्लिक कितीही विरुद्ध नेला तरी ते थांबत नाही. इथेही कलेक्टिव्ह खाली, सावकाश. म्हणूनच जमीन सोडताना ती आधी हेलिकॉप्टर हलकं करते, थांबते, दोन्ही बाजू मोकळ्या झाल्याची खात्री करते, मग उचलते. बाहेरून बघणाऱ्याला तो रेंगाळण्यातला वेळ वाटतो.

बायका हे सगळं फार आधीपासून करत आल्या आहेत, हेही इथे सांगायला हवं. इगोर सिकॉर्स्कीचं व्हीएस-३०० हे हेलिकॉप्टर जमिनीवरून पहिल्यांदा उचललं गेलं ते १९३९मध्ये, दोरांनी बांधलेल्या अवस्थेत. त्याच्या आदल्या वर्षी हाना राइश या जर्मन वैमानिक बाईनं बर्लिनमधल्या एका बंदिस्त सभागृहात, प्रेक्षकांसमोर, फोक-वुल्फ एफडब्ल्यू-६१ हे हेलिकॉप्टर उडवून दाखवलं होतं. १९५५मध्ये जीन रॉस हॉवर्ड हिनं हेलिकॉप्टर चालवणाऱ्या बायकांची 'व्हर्ली-गर्ल्स' ही संघटना सुरू केली, तेव्हा जगभरातून सभासद झाल्या तेरा. आणि २००० साली जेनिफर मरे हिनं आर-४४मधून एकटीनं पृथ्वीप्रदक्षिणा केली. तेव्हा "बाई असून" हे दोन शब्द कौतुकातून काढून टाकले तरी कौतुक तसूभरही घटत नाही. उलट मला वाटतं, ते काढल्यावरच कौतुक तिच्या हातांपर्यंत पोहोचतं.

उड्डाणाआधीची तपासणी बघायला मिळाली तर जरूर बघावी, फक्त गप्प राहून. इंधनाचा नमुना काढून त्यात पाणी आहे का ते पाहणं, गिअरबॉक्समधल्या तेलाची पातळी, पात्यांच्या कडा, पात्यांचा कोन बदलणाऱ्या पिच लिंकचे सांधे, टेल रोटर, इंजिनची ताकद रोटरला पोहोचवणारे व्ही-बेल्ट, बेअरिंगवर लावलेल्या तापमानाच्या पट्ट्या. पात्याला बांधलेली दोरी सोडली का, हे सुद्धा. इंजिन सुरू झाल्यावर क्लच लावायचा, बेल्ट ताणले जाऊन दिवा विझेपर्यंत थांबायचं, मग ७५ टक्क्यांवर दोन्ही मॅग्नेटो (इंजिनला ठिणगी देणारी यंत्रं) आळीपाळीनं तपासायचे. दोन सेकंदांत ७ टक्क्यांहून जास्त घट दिसली तर उड्डाण नाही. थ्रॉटल कमी केल्यावर इंजिनचा आणि रोटरचा काटा एकमेकांपासून सुटतो का, हेही बघायचं. तो सुटला नाही तर इंजिन बंद पडल्यावर ते रोटरलाही सोबत थांबवेल. या तपासणीत मध्येच कुणी बोललं तर शहाणा पायलट दोन पायऱ्या मागे जाऊन पुन्हा सुरू करतो. तेव्हा मोबाइल काढून "इकडे बघ" म्हणणं टाळायचं.

कार्ब्युरेटरमधल्या (इंजिनसाठी हवा आणि इंधन मिसळणाऱ्या भागातल्या) बर्फाबद्दलही घरात माहिती असू द्यावी, कारण तो लोकांना वाटतो तसा फक्त थंडीत होत नाही. हवा दमट असेल तर वीस-पंचवीस अंशांतही इंधनाच्या बाष्पीभवनानं आतलं तापमान गोठणबिंदूखाली जातं. ताकद कमी करून उतरायला लागलं की धोका वाढतो. आर-२२मध्ये त्यासाठी तापमानाचा काटा आहे, पण मॅनिफोल्डचा, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेचा, दाब पाऱ्याच्या १८ इंचांखाली गेला की त्या काट्यावर विसंबायचं नाही, कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी सोय) पूर्ण लावायची. आणि गव्हर्नर इंजिनचा वेग आपोआप राखत असल्यामुळे बर्फ साचत असल्याचं पायलटला उशिरा जाणवतं. तो थ्रॉटल गुपचूप उघडत जातो. सोय करणारं यंत्र लक्षण झाकून ठेवतं, हे तिला कळलेलं असतं.

आता नवऱ्याच्या वाट्याचं. मघाच्या चार जागांसारखी एक जागा घरातही आहे, जिथे मनाची पहिली ओढ चुकीची असते. अभिमान वाटला की आपण लोकांना सांगतो, लोक वेळ ठरवतात, रविवारी दहा वाजता अमक्या-तमक्यांना घेऊन जायचं असं पक्कं होतं. रविवारी सकाळी ढग खाली आलेले असतात. कुणी काही बोलत नाही, पण चार चेहरे तिच्याकडे बघत असतात. नव्या पायलटला इंजिनच्या बिघाडापेक्षा या चेहऱ्यांचा धोका जास्त, असं माझं स्पष्ट मत आहे. ढगात शिरलेल्या, उपकरणांवर उडण्याचं शिक्षण नसलेल्या पायलटचं काय होतं याचा अभ्यास इलिनॉय विद्यापीठात १९५४मध्ये झाला. २० विमान वैमानिकांवर केलेल्या त्या प्रयोगात ताबा सुटायला लागलेला सरासरी वेळ होता १७८ सेकंद. हेलिकॉप्टर तर विमानाइतकंही स्वतःहून स्थिर राहत नाही.

म्हणून तारीख ठरवताना "जमलं तर" हे शब्द आपणच आधी बोलायचे. वाटेत असताना "कधी पोहोचतेस" असा मेसेज करायचा नाही. तिनं उड्डाण रद्द केलं तर कारण विचारायचं ते शिकण्यासाठी, उलटतपासणीसाठी नाही. आणि मध्येच कुठे एखाद्या माळावर उतरून तिनं हवा निवळायची वाट पाहिली, तर तिकडे गाडी घेऊन निघायचं. हेलिकॉप्टरला ही मुभा आहे, ती वापरावी म्हणून हेलिकॉप्टर असोसिएशन इंटरनॅशनल या संघटनेनं 'लँड अँड लिव्ह' नावाची मोहीमच चालवली. वाटेत उतरल्याचा संकोच वाटतो तो मुख्यतः घरच्यांचा आणि वाट बघणाऱ्यांचा. तो आपण काढून घेऊ शकतो. झोप नीट झाली का, ताप अंगात आहे का, कसली गोळी घेतली आहे का, मनावर काही ओझं आहे का, हे पायलटनं उड्डाणाआधी स्वतःला विचारायचं असतं. पण रात्री दोनला ती जागी होती हे फक्त आपल्याला माहीत असतं. ते तेव्हा सांगायचं.

पहिला प्रवासी म्हणून बहुधा आपलीच पाळी येते. आपलं वजन खरं सांगायचं, कपडे, बूट, बॅग सगळं धरून. आर-२२मध्ये एका सीटची आणि तिच्याखालच्या सामानाची मर्यादा मिळून १०९ किलो आहे, आणि चुकीचा आकडा तिच्या हिशेबात तसाच उतरतो. रोटर फिरत असताना जायचं असेल तर तिची नजरानजर होऊन तिनं मान हलवल्यावरच, पुढच्या बाजूनं, थोडं वाकून. शेपटीकडे कधीही नाही. फिरता टेल रोटर जवळजवळ दिसत नाही. उतारावर खालच्या बाजूनं यायचं, वरच्या बाजूला पाती जमिनीच्या जवळ असतात. टोपी, ओढणी, कागद हातात घट्ट किंवा आत बंद. दारातून उडालेली वस्तू सरळ टेल रोटरकडे जाते. डाव्या सीटपुढची काढता येणारी कंट्रोल्स काढली आहेत का, हे आपणही विचारावं. नवख्या प्रवाशाचा गुडघा पेडलवर किंवा बॅग कलेक्टिव्हखाली जाणं एवढंसं निमित्त पुरतं. रेडिओवर आवाज येत असताना आणि उतरताना बोलायचं नाही. तारा मात्र दिसल्याबरोबर बोट दाखवून सांगायच्या. पायलट तारेपेक्षा खांब शोधतात आणि खांबावरूनच ओलांडतात, कारण दोन खांबांमधली तार नजरेला चकवते. आणि हॉर्न वाजला, काही हललं, तर आपले हात स्वतःच्या मांडीवर. तिचा डावा हात जिथे जायचा तिथे जाईल.

ती एकटी लांब जाते तेव्हा घरी एक कागद असावा: हेलिकॉप्टरचा नोंदणी क्रमांक, मार्ग, निघण्याची आणि पोहोचण्याची वेळ, किती वेळाचं इंधन आहे, आणि किती उशीर झाल्यावर कुणाला फोन करायचा. अमेरिकी नियमांत हेलिकॉप्टरला दृश्य-उड्डाणासाठी (बाहेर बघून उडण्यासाठी) किमान २० मिनिटांचं राखीव इंधन सांगितलं आहे. पुष्कळ पायलट त्याहून जास्त ठेवतात, आणि ते योग्यच आहे, कारण आर-२२चा कमी इंधनाचा दिवा लागतो तेव्हा पाचएक मिनिटांचंच उरलेलं असतं. ठरलेली वेळ टळली तर कागदावर लिहिलं आहे तेच करायचं. आधी नातेवाइकांना फोन करत बसायचं नाही.

लायसन्स मिळाल्यावर सराव थांबला की हात विसरतो, आणि सगळ्यात आधी विसरतो तो ऑटोरोटेशन. अमेरिकेत दर २४ महिन्यांनी इन्स्ट्रक्टरबरोबर पुनर्तपासणी आहे. युरोपात हेलिकॉप्टरच्या प्रकारासाठीची पात्रता टिकवायला ठराविक काळानं परीक्षकापुढे उडून दाखवावं लागतं. माझ्या मते नव्या पायलटनं त्याचीही वाट न पाहता दर दोन-तीन महिन्यांनी इन्स्ट्रक्टरबरोबर एक तास नुसत्या ऑटोरोटेशनसाठी काढावा, आणि घरखर्चात तो तास आधीच धरलेला असावा. प्रवासी नेण्याचा नियम तर दोन्हीकडे जवळपास सारखाच: मागच्या ९० दिवसांत किमान तीन उड्डाणं आणि तीन उतरणं झालेली हवीत. झालेली नसतील तर ती आधी एकटी जाऊन तीन फेऱ्या पूर्ण करते, आणि तोवर आपण कुंपणाबाहेर थांबायचं.